परकीय शिवीचा एकमेव हक्कदार

कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्राला स्वतःच्या शिव्या नसतात. शिव्या नेहमी शेजारच्या राष्ट्राच्या असतात. रशियन माणूस तुम्हाला छातीठोक सांगेल की त्याच्या भाषेतले घाण शब्द तातारांनी घोड्यावर लादून आणले. त्याआधी रशियन माणसाच्या पायावर ओंडका पडला तर तो नुसता आकाशाकडे बघत असे. बल्गेरियन तुर्कांकडे बोट दाखवतो, पोलिश माणूस रशियनांकडे. (तातारांचं आणि तुर्कांचं म्हणणं अजून कोणी विचारलेलं नाही.) आम्ही स्लोव्हेनियन या सगळ्या स्लाव भावंडांत आकाराने लहान आणि स्वतःच्या मते सर्वांत शहाणे, म्हणून आमचा सिद्धांतही सर्वांत नेटका आहे. आमच्याकडे शिव्या दक्षिणेकडून येतात. बोस्नियातून, सर्बियातून, थोड्याफार क्रोएशियातून. उन्हाळ्यात आवक वाढते.

आमचा स्वतःचा साठा अगदी निर्मळ. स्लोव्हेनियन माणूस भडकला की म्हणतो, "तीनशे केसाळ अस्वलं!" त्याहून भडकला तर समोरच्याला म्हणतो, "खुडूक कोंबडी तुला लाथ मारो." यापुढच्या रागाची सोय आमच्या भाषेत केलेली नाही. अस्वलं तीनशेच का, हे ठाऊक नाही. आमच्या जंगलांत ती आता त्याहून बरीच जास्त आहेत, पण शिवीतला आकडा सुधारून घ्यायला कोणाला सवड झालेली नाही.

आता इतका निर्मळ साठा असताना आमच्या ब्रेझोवेक गावात लोक तो वापरत का नसत, हा प्रश्न प्रोफेसर ओतोन झुपान यांना पडला. प्रोफेसर म्हणजे गावच्या शाळेत चार पिढ्यांना व्याकरण शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बाजारचौकात कॉफी घेत बसून पाहणी केली. निष्कर्ष असा: शंभरातल्या चौऱ्याण्णव शिव्या दक्षिणी, चार इटालियन, एक जर्मन आणि उरलेली एक अस्सल देशी. ती देशी शिवी खुद्द प्रोफेसरांनीच दिली होती, कॉफी मांडीवर सांडल्यावर.

या धक्क्यातून 'निर्मळ वाणी मंडळ' जन्माला आलं. प्रोफेसर अध्यक्ष झाले. मी चिटणीस झालो, कारण त्या दिवशी सभागृहाची किल्ली माझ्याकडे होती.

मंडळाने प्रथम शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं आणि राजधानीतल्या एका भाषाशास्त्रज्ञ बाईंकडून अहवाल मागवला. अहवाल निराशाजनक निघाला. बाईंचं म्हणणं, हे शब्द दक्षिणेचे नाहीत, उत्तरेचे नाहीत, तातारांचे तर मुळीच नाहीत. मॉस्कोपासून आमच्या गावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तीच मुळं आहेत, म्हणजे आपण सगळे स्लाव एकाच दलदलीच्या काठी राहत होतो तेव्हापासून ती आपल्याजवळ आहेत. भावंडं वेगळी झाली तेव्हा प्रत्येकाने वाट्याला आलेलं सामान उचललं आणि या शब्दांचं गाठोडं मात्र सगळ्यांनीच उचललं. त्यातल्या एका जगप्रसिद्ध शब्दाचा संबंध मुळात कोंबडीशी असावा, असंही काही पंडितांना वाटतं.

मंडळाने बाईंचे आभार मानले आणि अहवाल किरकोळ दुरुस्तीसह स्वीकारला. दुरुस्ती अशी, की गाठोडं सगळ्यांचं असलं तरी ते उघडलं दक्षिणेने.

मग शिव्यांना दंड लावण्याचा ठराव नगरपरिषदेत आला. आमच्या नगरपरिषदेचं स्मशानाजवळच्या गटारावर कित्येक वर्षं एकमत झालेलं नाही. हा ठराव मात्र एकमताने, टाळ्यांच्या गजरात पास झाला. त्याचं वैशिष्ट्य असं की दंड अश्लीलतेला नव्हता, परकेपणाला होता. शिवी कितीही घाणेरडी असो, तिचं मूळ देशी असल्याचं जागेवर सिद्ध केलं तर माणूस मोकळा. हे आमच्या उदारपणाला धरूनच होतं. आम्ही आमच्या सॉसेजसाठी आणि मधासाठी मूळस्थानाचा दाखला युरोपकडून मिळवलेला आहे. तोंडातून बाहेर येणाऱ्या मालाला वेगळा नियम का?

अंमलबजावणी निवेसकडे आली. निवेस ही नगरपरिषदेची रस्ता-निरीक्षक, एरवी चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना पावत्या लावणारी मुलगी. तिला मंडळाने व्युत्पत्तिकोश दिला, तो तिच्या पर्समध्ये मावेना म्हणून खांद्याला लावायची मोठी पिशवी दिली. काही दिवसांतच गावाची बौद्धिक पातळी उंचावली. पेट्रोलपंपावरचा पोरगा आपला शब्द आल्प्समधल्या पणजीचा असल्याचं शपथेवर सांगू लागला. खाटकाने उपसर्ग दक्षिणी असला तरी धातू आपलाच आहे असा युक्तिवाद करून निम्मा दंड वाचवला. ज्यांनी शाळेत व्याकरणात मार खाल्ला होता ती माणसं भर रस्त्यात प्रत्ययांवर बोलू लागली. प्रोफेसर खिडकीत उभे राहून हे ऐकत आणि डोळे पुसत.

अशात फेहिमच्या पायावर फरशी पडली.

फेहिम काराबेग हा फरशा बसवणारा कारागीर. बोस्नियातून तरुणपणी आला, तेव्हा तिकडचं आणि इकडचं राष्ट्र एकच होतं. मग फेहिम जागच्या जागी राहिला आणि राष्ट्र बदललं. नव्या राष्ट्राने नागरिकत्वासाठी अर्ज मागवले त्या मुदतीत तो आईच्या मातीला गावी गेला होता. परत आला तेव्हा मुदत संपली होती. त्याच्यासारखे गावात आणखी काही होते, पण ते एकेक करत नागरिक झाले. फेहिमचा अर्ज तेवढा दर वेळी कुठेतरी अडकायचा. गावातली अर्धी न्हाणीघरं त्याने केलेली. गाव त्याला 'तो दक्षिणेकडचा' म्हणायचं. नाव घ्यायची कधी वेळ आली नव्हती.

नगरपरिषदेच्या दारातच तो फरशा बसवत होता. एक निसटून अंगठ्यावर आली. फेहिम जे म्हणाला त्यात फरशीची आई होती, फरशी बनवणाऱ्याची आई होती आणि शेवटी सूर्याचाही उल्लेख होता. निवेस पाच पावलांवर उभी होती.

"काका, याला दंड आहे," ती हळूच म्हणाली.

"मला कशाला? अंगठा तर माझाच फुटलाय."

प्रकरण मंडळापुढे आलं. फेहिम पायाला फडकं बांधून आमच्यासमोर बसला. प्रोफेसरांनी चष्मा पुसून विचारलं, "शब्द कुठला होता?"

"तोंडातला."

"मूळ विचारतोय मी. कुठून घेतलात?"

"घेतला नाही, साहेब. आमच्या वडिलांचा आहे. तेही गवंडी होते."

"म्हणजे परकीय आहे हे तुम्ही मान्य करता?"

फेहिमने जरा विचार केला. "तुम्ही दिलात तर परका. मी दिला तर घरचाच की."

इथे नगरपरिषदेचे वकील खाकरले. ते म्हणाले की या वाक्यात दुर्दैवाने कायदा आहे. आमच्या नागरिकाने परकी शिवी देणं हा गुन्हा. पण फेहिम आमचा नागरिक नाही, शिवी त्याच्या मातृभाषेत आहे आणि मातृभाषेत बोलण्याचा हक्क घटनेने प्रत्येकाला दिलेला आहे. मंडळाने अर्धा तास खल केला. शेवटी फेहिम निर्दोष सुटला आणि ब्रेझोवेकच्या हद्दीत पूर्ण वजनाची शिवी कायदेशीरपणे देऊ शकणारा तो एकमेव माणूस ठरला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिला आला पाववाला. पिठाचा ठेकेदार त्याला ओलसर पोती देत होता आणि देशी शिव्यांनी तो बधत नव्हता. पाववाल्याने फेहिमला कॉफीला बोलावलं, शेजारी बसवलं आणि ठेकेदाराला फोन लावून रिसीव्हर त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पीठ कोरडं आलं.

त्यानंतर रांगच लागली. ट्रॅक्टर बंद पडला, फेहिमला बोलवा. विम्याच्या कंपनीने पत्राला उत्तर दिलं नाही, फेहिमला बोलवा. एका बाईंनी जावयाशी बोलायला नेलं. गावच्या फुटबॉल संघाने त्याला सामन्याला बाकावर बसवलं आणि पंच दर निर्णयानंतर आधी त्याच्याकडे बघू लागला. फेहिम पैसे घेत नसे. लोक कृतज्ञतेने सॉसेज आणत. तो डुक्कर खात नाही हे गावाला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. ते सॉसेज शेजारच्या कुत्र्याला जात आणि त्या हिवाळ्यात ते कुत्रं दारातून आडवं होऊनही बाहेर पडेनासं झालं.

एक गोष्ट नमूद करायला हवी. फेहिम स्वभावाने शिवराळ नव्हता. घरी तर त्याची बायको झुमरा 'अरे' म्हटलेलंही खपवून घेत नसे. बाहेर साहेब झालास म्हणून घरात चालायचं नाही, असं तिने त्याला बजावलं होतं. त्याची पद्धत अशी की आधी बसायचं, काय झालं ते विचारायचं आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. पुष्कळदा सांगून झाल्यावर माणूस म्हणायचा, राहू दे, आता तितकंसं वाटत नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात मी याची नोंद केली नाही. ऐकून घेणं हे भाषेच्या कक्षेत येत नाही.

आणि लोक त्याला नावाने हाक मारू लागले. तो मला एकदा म्हणाला की बाजारातून जाताना पाठीमागून 'फेहिम' ऐकू आलं की अजून दचकायला होतं, दुसराच कुणी असेल असं वाटतं. हे सांगताना तो हसत होता. मला ते हसू आवडलं, आणि मी विषय बदलला.

मग प्रोफेसरांची वेळ आली. त्यांची बायको रोझालिया हिचं खुब्याचं हाड झिजलं होतं. शस्त्रक्रियेसाठी नाव लावून दोन वर्षं होऊन गेली होती. काठी घेऊनही तिला जिना चढवत नव्हता, म्हणून ती स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपायची. प्रोफेसर दर महिन्याला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन चौकशी करत. खिडकीतली बाई दर महिन्याला यादी पुढे सरकतेय असं सांगे. शेवटी एकदा प्रोफेसरांचा तोल गेला. त्यांनी काचेवर मूठ आपटली आणि अस्वलांचा उच्चार केला, पूर्ण तीनशेंचा, केसांसकट.

खिडकीतल्या बाईचा चेहरा उजळला. "किती गोड," ती म्हणाली. "आमची आजी अस्संच म्हणायची." आणि तिने खिडकी जेवणासाठी बंद केली.

प्रोफेसर फेहिमच्या दारात गेले ते टोपी हातात धरून. नेमकं काय बोलले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. झुमराने सांगितलं की बराच वेळ ते फरशांच्या फटींत भरायच्या ग्राउटबद्दलच बोलत होते.

रुग्णालयात मीही गेलो, मंडळाचा निरीक्षक म्हणून. रोझालियाला खुर्चीवर बसवलं होतं. प्रोफेसरांनी प्रस्तावना सुरू केली की सोबतचे गृहस्थ जे बोलतील ते त्यांच्या घटनादत्त हक्कानुसार असून...

"ओतोन, तू गप्प बस," रोझालिया म्हणाली. "फेहिम, तू बोल."

फेहिमने आधी तिला विचारलं, दुखतं कुठे, झोप लागते का, बाक किती रुंद आहे. तिने सगळं सांगितलं. मला वाटतं, तिला हे कोणी विचारलं नव्हतं. प्रोफेसर भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभे राहिले. मग फेहिम खिडकीकडे वळला.

त्याने त्या बाईला एक शब्दही लावला नाही. त्याने यादीपासून सुरुवात केली, मग यादी करणारा, यादी ठेवणारं कपाट, ते कपाट ज्या मजल्यावर आहे तो मजला, त्या मजल्याच्या फरशा (त्यांच्याबद्दल तो जाणकारीने बोलला) आणि शेवटी ज्या राज्यात म्हाताऱ्या बायका बाकावर झोपतात त्या राज्याचं छप्पर, वासे आणि कौलं. आवाज मोठा नव्हता. रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या. खिडकीतल्या बाईने डोळे पुसले, संगणकावर काहीतरी केलं आणि पुढच्या महिन्यात एक जागा नुकतीच रिकामी झाल्याचं तिच्या लक्षात आलं.

शस्त्रक्रिया झाली. रोझालिया जिना चढू लागली. प्रोफेसरांनी मंडळात निवेदन केलं की यश शब्दांचं नसून स्वरांचं होतं, आणि स्वर सगळ्या स्लाव भाषांत समान आहेत.

पण माणूस कृतज्ञ होता, हे मान्य करायला हवं. उपकार फेडायचे म्हणून प्रोफेसरांनी फेहिमसाठी एकच गोष्ट मागायची ठरवली: नागरिकत्व. त्यांनी मंत्रालयाला पत्रं लिहिली, जुन्या विद्यार्थ्यांना गाठलं, राजधानीत खेटे घातले. इतक्या वर्षांत अडकलेला अर्ज पाच आठवड्यांत सुटला. सभागृहात समारंभ झाला. गायनवृंद होता, झेंडा होता, अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे आमचा सणासुदीचा गोड पाव, कापली होती. फेहिमने नवा कोट घातला होता. शपथ घेताना तो मधेच थांबला, खाली बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, कारण एक शब्दही गाळायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. झुमरा पहिल्या रांगेत ताठ बसून रडत होती. महापौर म्हणाले, "फेहिम, आजपासून तू आमचा." माझ्याही घशात काहीतरी अडकलं. पोतित्सा असावी.

दुसऱ्या दिवशी पाववाल्याने त्याला बोलावलं. पीठ पुन्हा ओलं आलं होतं. फेहिमने फोन हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली. निवेस पाव घ्यायला आली होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि पावतीपुस्तक बराच वेळ उघडलंच नाही.

"काका, आता होतो दंड," ती म्हणाली. "आता तुम्ही आपले झालात."

मंडळापुढे फेहिम पुन्हा बसला, तोच नवा कोट घालून. प्रोफेसरांना मनापासून वाईट वाटत होतं. त्यांनी समजावून सांगितलं की परकीयाला परकी शिवीचा हक्क आहे, पण आमच्या नागरिकाला नाही, आणि फेहिम आता संपूर्ण, निर्विवाद नागरिक आहे. हा एक प्रकारे त्याचा गौरवच आहे.

फेहिम म्हणाला, "मग माझी भाषा कुठे गेली, साहेब? काल तर होती."

"आहे ना. फक्त आता ती तुमची परकी भाषा आहे."

"आणि चिडलो तर?"

मंडळाने त्याला 'मान्यताप्राप्त देशी उद्गार' ही पुस्तिका भेट दिली. मुखपृष्ठ छान होतं. मीच निवडलं होतं.

गावाने हे फार मनाला लावून घेतलं. फेहिमच्या बाजूने नव्हे. लोकांचं म्हणणं पडलं की त्याने नागरिकत्व घेताना गावाचा विचार करायला हवा होता. आता विमा कंपनीशी कोण बोलणार? फुटबॉलचा संघ तीन सामने ओळीने हरला. पाववाला म्हणाला, इतकी कॉफी पाजली, पण शेवटी स्वतःचंच बघितलं. काही दिवसांत 'फेहिम' ही हाक बाजारात ऐकू येईनाशी झाली आणि तो पुन्हा 'तो दक्षिणेकडचा' झाला. फरक एवढाच की आता हे म्हणण्यात थोडी नाराजी असे.

वसंतात तो पेन्शनच्या कामासाठी कचेरीत गेला. सरकारी भाषा समजावून द्यायला माणूस हवा म्हणून मला सोबत नेलं. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने कागद बघितले आणि अदबीने सांगितलं की राष्ट्र बदललं त्यानंतरची बरीच वर्षं फेहिम काराबेग या देशाच्या कोणत्याच नोंदीत नाही, त्यामुळे त्या वर्षांचं काम धरता येणार नाही.

"मी इथेच होतो," फेहिम म्हणाला. "या कचेरीचा जिना मी केलाय त्या वर्षांत."

अधिकारी म्हणाला, जिना उत्तम आहे, पण नोंद नाही.

फेहिमने काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकले. त्याची मान लाल झाली. रांगेत आमच्या गावची माणसं होती. ती पुढे सरकली. मला ठाऊक होतं की आत काय काय साठलंय, आणि खरं सांगतो, मलाही ते ऐकायचं होतं. त्याचे ओठ हलले. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मंडळाच्या चिटणीसाकडे. एक मोठा श्वास घेतला आणि पुस्तिकेतली एक देशी शिवी पाठ केल्यासारखी, शब्द शब्द सुटा करून म्हणाला, "जा, जाऊन अंगाला मीठ लावून घे."

प्रत्यय चुकला होता. शिवाय 'ल' जड पडला, बोस्नियन पद्धतीने.

कचेरी हसली. वाईट भावनेने नव्हे. लहान मुलाने मोठा शब्द वापरला की हसतात तशी. अधिकाऱ्यानेही हसत हसत योग्य प्रत्यय सांगितला आणि एकदा म्हणून घ्यायला लावलं. फेहिमने म्हटला. दुसऱ्यांदा बरोबर आला. मग त्याने कागद गोळा केले आणि आम्ही जिना उतरलो. त्या दिवसापासून तो गावात शक्यतो हातवाऱ्यांनीच काम भागवतो.

तुम्हालाही हसू आलं असेल तर संकोच करू नका, आम्हालाही आलं होतं. बाहेरचा माणूस आपल्या भाषेत पहिलं वाक्य जुळवतो तेव्हा आपण आधी हसतो, मग दुरुस्त करतो, आणि तो कायमचा गप्प झाला की चारचौघांत म्हणतो, बघा, इतकी वर्षं इथलं खातात, पण आपली भाषा काही शिकत नाहीत. असं म्हणायला शिवीची गरज पडत नाही. ते अगदी निर्मळ वाणीत म्हणता येतं. तुम्ही शेवटचं कधी म्हणालात ते तुम्हाला ठाऊक असेल.